वायरिंगला हात लावल्यावर पीसी चालू होत नाही? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कॅबिनेट उघडून धूळ काढली, नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसवला, रंगीत एलईडीची पट्टी लावली किंवा टेबलाजवळचं सॉकेट स्वतःच बदललं, आणि त्यानंतर पीसी चालूच होईना. दिवाळीची आवराआवर आणि मे महिन्याची सुट्टी या दोन मोसमांत माझ्याकडे ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं. एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो, एखादी वायर शेजारच्या पिनेवर गेलेली असते आणि एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करून घेतलेलं असतं. खरं नुकसान त्यानंतर होतं. चालू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबलं जातं, मग दुसरी केबल लावून पाहिली जाते, मग मित्राचा एसएमपीएस आणून जोडला जातो.

म्हणून आधी बटण दाबणं थांबवा. काल चालणारा पीसी आज बंद असेल, तर मधल्या वेळात जिथे हात लागला तिथेच बिघाड शोधायचा. विंडोज, व्हायरस, प्रोसेसर यांच्या मागे तूर्त लागू नका. आणि हे सगळं डेस्कटॉपपुरतं आहे, लॅपटॉपला यातलं काहीही करून बघू नका.

लक्षणं

नेमकं काय होतंय ते आधी नीट बघा. "चालू होत नाही" या एका वाक्यात पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात.

१. बटण दाबल्यावर काहीच नाही. पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. वीज पोचत नसेल, बटणाची वायर चुकली असेल किंवा एसएमपीएसने स्वतःला बंद केलं असेल.

२. पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो, कधी "टिक" असा आवाज येतो. हे शॉर्टचं लक्षण. या प्रकारात पुन्हा बटण दाबू नका.

३. पंखे, दिवे सगळं चालू, पण स्क्रीन काळी. बहुतेक वेळा प्रोसेसरची १२ व्होल्टची वायर राहिलेली असते किंवा रॅम सैल झालेली असते.

४. सुरू होतो, स्क्रीनवर "यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट" असा इशारा येतो आणि १५ सेकंदांत बंद पडतो. पुढच्या यूएसबी पोर्टची वायर उलटी लागली आहे किंवा पिना वाकल्या आहेत.

५. घराच्या बोर्डातला एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडतो, धूर किंवा जळका वास येतो, कॅबिनेटला हात लावल्यावर झटका बसतो. इथे प्लग काढा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी कॅबिनेटच्या बाहेर बघा

याला पैसे लागत नाहीत. ज्या सॉकेटवर पीसी लावलाय, तिथे टेबल लॅम्प लावून बघा. लॅम्प लागला तर सॉकेट ठीक. तो नेहमीपेक्षा फार प्रखर किंवा फार मंद वाटला, तर लगेच बंद करा. थ्री फेज असलेल्या इमारतीत न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर २३० ऐवजी बरंच जास्त व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते कुठल्याही एसएमपीएसला झेपणारं नाही. मग पीसीचं सोडा, आधी वायरमन बोलवा.

लॅम्प नीट लागत असेल तर एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस बाजूला काढून पीसीची वायर सरळ भिंतीत लावा. एसएमपीएसच्या मागचं छोटं स्विच उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं. गोलाची बाजू म्हणजे बंद. साफसफाईत ते बंद होऊन राहणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की फोनवर कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो. जुन्या एसएमपीएसला त्याच्या शेजारी ११५/२३० असं लाल सरकस्विच असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर राहिलं आणि प्लग लावला, तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. तसा आवाज झाला असेल तर तो पुन्हा जोडू नका.

सॉकेट तुम्ही स्वतः बसवलं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले तरी पीसी चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग बटण बंद केल्यावरही आत फेज जिवंत राहतो. अर्थिंग जोडलेलंच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याशी जोडलेले असतात. गळणारा थोडासा करंट जमिनीत जायला वाट मिळाली नाही की पत्र्यावर मेन व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं. याला "थोडं करंट मारतं" म्हणून सोडून देऊ नका.

एसएमपीएसला शांत होऊ द्या

शॉर्ट ओळखून बंद झालेला चांगला एसएमपीएस पुष्कळदा तसाच अडकून राहतो. चूक दुरुस्त केली तरी बटणाला दाद देत नाही, आणि लोक तो गेला असं समजून नवा आणतात. भिंतीतला प्लग काढा, पीसीचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा. यात उरलेला चार्ज निघून जातो आणि संरक्षणाचं सर्किट पुन्हा मूळ स्थितीत येतं. पुढे प्रत्येक तपासणीआधी हेच करायचं आहे. प्लग लावलेला असताना मदरबोर्डावरची (कॅबिनेटमधला मुख्य सर्किट बोर्ड, पुढे नुसता बोर्ड) एकही वायर काढू किंवा घालू नका. पीसी बंद दिसला तरी एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच असतो.

जे जोडलं ते काढा

आता कॅबिनेट उघडा आणि मोबाइलवर चांगल्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग या खेपेला जे नवीन जोडलं ते सगळं काढून ठेवा: एलईडी पट्टी, नवा पंखा, नवी एसएसडी, कन्व्हर्टर केबल. एकेक काढून बघण्यापेक्षा सगळं एकदम काढलेलं बरं, कारण शॉर्ट असताना केलेला प्रत्येक प्रयत्न बोर्डाला सोसावा लागतो.

एलईडी पट्ट्यांची एक चूक सतत दिसते. पट्टी जोडायचा बोर्डावरचा पिनांचा गट म्हणजे हेडर. चार पिनांचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा असतो, तीन पिनांचा एआरजीबी हेडर ५ व्होल्टचा. तीन भोकांचा कनेक्टर चार पिनांवर सरकवून बसवला की ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्ट मिळतात. पट्टी जाते, आणि कधीकधी शॉर्ट होऊन पीसीलाही अडवून धरते. पट्टी काढल्याबरोबर पीसी सुरू झाला तर तिथेच काम संपलं. पट्टी मात्र फेकून द्या.

दोन मोठे कनेक्टर

बोर्डाचा २४ पिनांचा लांब कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर पूर्ण काढून पुन्हा बसवा. खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे आणि कनेक्टरचा आकडा बोर्डावरच्या दातावर अडकलेला दिसला पाहिजे. २४ पिनांचा एका टोकाला एखादा मिलिमीटर वर राहिला तरी पीसी एकदम मेल्यासारखा वागतो. प्रोसेसरचा राहून गेला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी. हा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या आड असतो, म्हणून विसरला जातो.

इथे एक धोका आहे. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला भाऊ-भाऊ असतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा दोन्हींत उलट्या. भोकांचे आकार वेगळे ठेवलेले असल्यामुळे चुकीचा सहज जात नाही, तरी जोर लावून बसवणारे असतात. वायरीवर छापलेलं वाचा: प्रोसेसरच्या कनेक्टरवर सीपीयू असतं आणि तो ४+४ असा दुभंगतो, ग्राफिक्सचा ६+२ असा. जो कनेक्टर अंगठ्याच्या साध्या दाबाने बसत नाही, तो तिथला नाही असंच धरून चाला.

पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी

सर्वांत जास्त केसेस याच जागी सापडतात, म्हणून इथे वेळ द्या. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ पिनांचा एक गट असतो. त्यावर बटण, रीसेट, पॉवरचा दिवा आणि हार्ड डिस्कचा दिवा यांच्या सुट्या टोप्या बसतात. धूळ काढताना त्या निघतात आणि अंदाजाने परत लावल्या जातात. पिनांचा क्रम बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेला असतो, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. अंदाज नको, कारण काही बोर्डांवर या गटात एका पिनेला थेट ५ व्होल्ट असतात.

बटणाच्या दोन वायरींना उलटसुलट चालतं. दिव्यांच्या वायरींना प्लस-मायनस असतं, पण दिवा उलटा लावला तर फक्त लागत नाही, पीसी अडत नाही. म्हणून सोपी चाचणी अशी: या गटावरच्या सगळ्या टोप्या काढा आणि बटणाच्या दोन पिनांवर रीसेटची टोपी लावा. आता रीसेट दाबल्यावर पीसी सुरू झाला, तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही ठीक, पुढचं बटणच खराब किंवा आत अडकलेलं. बटण आत अडकून राहिलं की पीसी सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडतो, आणि लोक एसएमपीएसला दोष देतात. रीसेटचं बटण नसेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडल्या तरी चालतं. तिथे व्होल्टेज अगदी कमी असतं. मात्र त्या दोनच पिना, शेजारची नाही.

आता यूएसबी. हाही नऊ पिनांचाच गट, दोन ओळींचा. एका टोकाच्या जोडीला ५ व्होल्ट, मग डेटाच्या दोन जोड्या, मग ग्राउंड. एका कोपऱ्यातली पिन मुद्दाम वगळलेली असते आणि कनेक्टरमधलं तिथलं भोक बुजवलेलं असतं, म्हणजे उलटा जाऊ नये. जुन्या आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये मात्र लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार सुट्या वायरी मिळतात. त्यातली लाल ग्राउंडवर गेली की ५ व्होल्ट आणि ग्राउंड एक होतात. पुढच्या ऑडिओच्या कनेक्टरलाही नऊच पिना असतात, फक्त वगळलेली पिन वेगळ्या जागी असते. तोही दाबून यूएसबीवर बसवलेला मी बघितला आहे: बुजवलेलं भोक वगळलेल्या जागेवर न येता एका पिनेवर आलं होतं, आणि ती पिन चेपून सपाट होऊन शेजारच्या पिनेला टेकली होती. वरून कनेक्टर अगदी सरळ दिसत होता. म्हणून कनेक्टर काढून, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पिना बघा. त्या सगळ्या एका रेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत. वाकलेली पिन बारीक चिमट्याने एकदाच, हळूच सरळ करा, मागेपुढे केलीत तर तुटते. यूएसबी ३ चा १९ पिनांचा कनेक्टर तिरका ओढला तर हटकून पिना वाकवतो, तो कायम सरळ वर उचलायचा.

शंका असेल तर पुढच्या यूएसबीची आणि ऑडिओची वायर काढूनच ठेवा. पीसी त्यांच्याशिवाय मजेत चालतो, मागचे पोर्ट आहेतच.

बोर्डाच्या पाठीमागे

बोर्ड काढून पुन्हा बसवला असेल तर त्याखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट) मोजा. बोर्डाला जितकी स्क्रूची भोकं, तितकेच आणि तिथेच हवेत. एक जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. पाठीमागे निसटून पडलेला एखादा स्क्रूही हेच करतो. कॅबिनेट हलकेच तिरकं करून खडखड ऐकू येते का बघा.

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल

नवा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा असेल आणि केबल जुन्याच ठेवल्या असतील, तर इथे थांबा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांना कुठलंच प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही क्रम वेगळा असू शकतो. कनेक्टर मात्र बेमालूम बसतो. मग डिस्कला जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ जातात. एसएसडी तत्काळ जाते. हार्ड डिस्कच्या सर्किटवर पुष्कळदा संरक्षक डायोड असतात, ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीची डिस्क वाचवतात आणि त्या शॉर्टमुळे एसएमपीएस चालू व्हायला नकार देतो. म्हणजे पंखा अर्धा फेरा घेऊन थांबण्यामागे अशी एखादी डिस्क असू शकते. सगळ्या डिस्कची पॉवर काढून बघा. सुरू झाला तर डिस्क पुन्हा जोडू नका. नव्या एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्या केबलच वापरा, जुन्या केबलला जुन्या एसएमपीएसचं नाव चिकटवून वेगळ्या ठेवा.

एसएमपीएसची चाचणी

यासाठी साधा मल्टिमीटर लागतो, तो चारपाचशे रुपयांतही मिळतो. प्लग काढलेला, एसएमपीएस बोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कपासून पूर्ण सोडवलेला, फक्त कॅबिनेटचा एक पंखा जोडलेला. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी यांच्या भोकांत पेपरक्लिप घाला, मग प्लग लावून मागचं स्विच चालू करा. पंखा फिरायला हवा. एसएमपीएसच्या स्वतःच्या पंख्यावर जाऊ नका, हल्ली बरेच एसएमपीएस गरम झाल्याशिवाय तो फिरवत नाहीत. मीटरची काळी पिन काळ्या वायरीवर ठेवून मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. जांभळी स्टँडबायची, ती क्लिप नसतानाही ५ व्होल्टच्या आसपास दाखवते. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर पिनांचा तक्ता समोर घेतल्याशिवाय क्लिप घालू नका.

आकडे या मर्यादेबाहेर गेले तर एसएमपीएस बदला. आकडे बरोबर आले तरी पूर्ण निर्वाळा मिळत नाही, कारण इथे लोड जवळपास नाही. पण तो अगदीच गेलेला नाही एवढं कळतं.

कमीत कमी भागांवर सुरू करून बघा

एवढ्यावरही अडलं असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटीस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, दोन पॉवर कनेक्टर. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड लागेल. रॅम दोन्ही बाजूंनी खटका लागेपर्यंत दाबा. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असे छोटे दिवे असतील तर कुठला लागून राहतो ते बघा. दिवे नसतील तर छोटा बझर लावा: अनेक बोर्डांवर लांब, पुन्हा पुन्हा वाजणारी बीप म्हणजे रॅमची तक्रार.

यानंतर बोर्डावरचा बटनसेल काही मिनिटं काढून बायोस (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग) मूळ स्थितीत आणता येतं. सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर नवा घाला. पण त्याआधी एक खबरदारी. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लॉक केलेली असेल तर बायोस पुसल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे दुसऱ्या यंत्रावरून आधी बघून घ्या.

इथे थांबा

बाहेर काढलेला बोर्ड, तपासलेला एसएमपीएस आणि एक रॅम एवढ्यावर काहीच हालचाल नसेल, तर पुढचं काम बोर्डावरच्या शॉर्टचं आहे. ते चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या दिसल्या तर झाकण लावून तसंच न्या, सुईने सरळ करायला जाऊ नका.

एसएमपीएसचा डबा कुठल्याही कारणाने उघडू नका. २३० व्होल्ट एसी आत डीसी होतो तेव्हा ३२५ व्होल्टच्या आसपास जातो, हल्लीच्या पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये त्याहून वर, आणि तो चार्ज प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये राहू शकतो. त्याने माणूस दगावू शकतो. धूर आला, जळका वास आला, कपॅसिटर फुगलेला किंवा कनेक्टर वितळलेला दिसला, तर तो भाग पुन्हा जोडून बघायचा नाही.

एमसीबी किंवा आरसीसीबी पडत असेल तर पीसीचा प्लग काढून तो एकदाच वर करा. पीसीशिवायही पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे आणि तिथे परवानाधारक वायरमनच हवा. फक्त पीसी लावल्यावर पडला तर एसएमपीएस बदलायचा. आरसीसीबी सतत पडतो म्हणून तो बायपास करून देणारा कुणी भेटला, तर त्याला काम देऊ नका.

डिस्कला चुकीचं व्होल्टेज गेलं असेल आणि तिच्यावर फोटो, हिशेब, प्रबंध असं काही परत न मिळणारं असेल, तर ती कुठल्याच पीसीला लावू नका. हार्ड डिस्कच्या आतल्या चकत्यांवरचा डेटा अशा वेळी बहुधा शाबूत असतो. तशीच दुसरी डिस्क आणून तिचा सर्किट बोर्ड बदलून चालत नाही, प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी त्या बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते. हे डेटा रिकव्हरीचं काम आहे.

दुरुस्तीला नेताना सुरुवातीला काढलेले फोटो दाखवा, जुना एसएमपीएस आणि दोन्हींच्या केबल बरोबर न्या, आणि कुठली वायर कुठे लावली होती ते न लाजता सांगा. "आपोआप बंद पडला" असं ऐकल्यावर आम्ही रॅमपासून सुरुवात करतो. "यूएसबीची लाल वायर उलटी लागली होती" असं कळलं तर सरळ त्या पोर्टच्या फ्यूजपाशी जातो, आणि तुमचं बिलही तेवढंच होतं.